मूर्ख, पढतमूर्ख आणि मिस्टर बेनेट

आपल्या मूर्खपणाची वार्ताही नसलेला मनुष्य सुखी असतो, आणि आपल्या शहाणपणाची पुरेपूर जाणीव असलेला मनुष्य त्याहूनही सुखी असतो. या दोन सुखांपैकीं घरच्या माणसांना अधिक महाग कोणतें पडतें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेनें तो एका कादंबरींत विचारला, आणि इतक्या हंसतमुखानें विचारला कीं, वाचणारा हंसून मोकळा होतो व उत्तर द्यावयाचें राहून जातें. आमचें तसेंच झालें होतें. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचली, पुढें अनेक वर्षें वर्गांत शिकविली, आणि तिच्यांतील मिस्टर बेनेट हे आमच्या विशेष प्रीतींतले होऊन बसले. मूर्खांच्या गराड्यांत सांपडलेला एक शहाणा गृहस्थ, त्याला आपल्या ग्रंथांच्या खोलीखेरीज आसरा नाहीं आणि विनोदाखेरीज शस्त्र नाहीं. प्रोफेसरवर्गास याहून जवळचा माणूस दुसरा कोण वाटणार?

मध्यंतरीं एका रविवारीं या कादंबरीचा पहिला अध्याय आम्हीं घरीं मराठींत करून वाचून दाखविला. शेजारीं एक श्रीमंत अविवाहित तरुण राहावयास येणार असतो. मिसेस बेनेट आपल्या यजमानांनीं त्याची भेट घ्यावी म्हणून गळ घालीत असतात. आणि यजमान त्यांच्या एकेका वाक्याची फिरकी घेत असतात, असा तो प्रसंग. वाचतां वाचतां आम्ही दोनतीनदां थांबून हंसलों. ऐकणारीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाहीं. "पांच मुली ना हो त्यांना?" एवढेंच विचारणें झालें. होय म्हणतांच उत्तर आलें, "मग त्या बाईंचें काय चुकलें? बाप जागचा हलत नाहीं, तेव्हां आईनें बोलूं नये तर काय करावें?" आम्हीं खुलासा केला कीं, मिस्टर बेनेट पुढें गुपचूप जाऊन त्या तरुणाची भेट घेऊन येतात. "म्हणजे जायचें होतेंच, पण बायकोला आधीं तळमळत ठेवायचें!" एवढें बोलून आमचें अर्धें श्रोतृमंडळ स्वयंपाकघरांत निघून गेलें, आणि उरलेलें अर्धें म्हणजे आम्ही हातांत पुस्तक घेऊन बसून राहिलों. ज्या वाक्यांवर आम्ही इतकीं वर्षें व्याख्यानें देत आलों, त्यांकडे पाहण्याची ही बाजू आम्हांस कोणत्याही टीकाग्रंथानें दाखविली नव्हती. तिचा मान राखून कादंबरी पुन्हां अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि आमचें जें मत बदललें तें येथें नमूद करीत आहों.

प्रथम पुस्तकाची जन्मकथा थोडक्यांत सांगूं. हँपशायर परगण्यांतील स्टीव्हन्टन येथील धर्मोपदेशकाची ही कन्या १७७५ सालीं जन्मली. या कादंबरीचा पहिला खर्डा तिनें १७९६-९७ मध्यें, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर, 'फर्स्ट इम्प्रेशन्स' या नांवानें लिहिला. वडिलांनीं तो दाखविण्याची तयारी दर्शवून लंडनच्या एका प्रकाशकास पत्र लिहिलें. हस्तलिखित न पाहतांच उलट टपालीं नकार आला. पुढें पंधरा वर्षांनीं पुष्कळ छाटछाट होऊन तेंच लिखाण नव्या नांवानें १८१३ च्या जानेवारींत तीन भागांत प्रसिद्ध झालें. हक्क ११० पौंडांस विकले गेले, आणि मुखपृष्ठावर लेखिकेचें नांव नव्हतें. चार वर्षांनीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, ती वारली. ज्या पुस्तकावर पुढें टीकेचे डोंगर रचले गेले, त्याच्या लेखिकेला प्रसिद्धीचा अहंकार जोपासण्याची संधीच मिळाली नाहीं, ही गोष्ट अहंकाराच्या या शास्त्रज्ञ बाईविषयीं लिहितांना लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां मिसेस बेनेट यांच्या बडबडीमागचा हिशेब पाहूं. कादंबरीच्या विनोदावर लुब्ध झालेले वाचक हा हिशेब बहुधा वगळतात. लेखिकेनें तो वगळलेला नाहीं. मिस्टर बेनेट यांचें वार्षिक उत्पन्न २,००० पौंड. परंतु इस्टेट अशा करारानें बांधलेली कीं, ती पुरुष वारसाकडेच जावयाची. पांच मुली आणि मुलगा नाहीं. तेव्हां बापाचे डोळे मिटतांच राहतें घर दूरच्या एका चुलतभावाच्या हातीं जाणार. आईच्या नांवें व मुलींच्या नांवें मिळून ५,००० पौंड. म्हणजे आईच्या पश्चात् प्रत्येकीच्या वांट्यास १,००० पौंड, आणि चार टक्क्यांनीं त्यांचें व्याज सालीना ४० पौंड. दोन हजारांच्या घरांत वाढलेल्या मुलीनें चाळिसांत दिवस काढावयाचे! मिस्टर बेनेट यांनीं कांहींच शिल्लक टाकलेलें नाहीं. मुलगा होईल, तो वयांत आल्यावर इस्टेट मोकळी करून घेतां येईल, या भरंवशावर काटकसरीचा विचार पुढें ढकलला. मुलगा झाला नाहीं, आणि मग आतां उशीर झाला म्हणून तो विचार सोडून दिला. मिसेस बेनेट मूर्ख आहेत, उथळ आहेत, चारचौघांत तोंड आवरीत नाहींत, हें सर्व कबूल. परंतु मुलींचीं लग्नें झालीं पाहिजेत हें त्यांचें एकच एक पालुपद आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीनें त्या घरांतील तेंच एक शहाणपणाचें वाक्य आहे. कादंबरीचें सुप्रसिद्ध पहिलें वाक्य श्रीमंत तरुणांच्या गरजेविषयींचें एक विश्वमान्य सत्य म्हणून सांगितलेलें आहे. खरी गरज कोणाची आहे, हें चाळीस पौंडांचा आंकडा सांगतो.

असो. ज्याच्या घशांत ही इस्टेट जावयाची, ते मिस्टर कॉलिन्स म्हणजे आत्मसंतोषाची सगुण मूर्ति. आपण कोणती स्तुति केव्हां करावी याची हे गृहस्थ घरीं बसून तयारी करतात, आणि तसें कोणीं विचारलें तर अभिमानानें सांगतात. त्यांच्या आश्रयदात्या लेडी कॅथरिन यांचा वाडा, त्याच्या खिडक्या, त्यांतील अग्निकोश यांचें वर्णन करतांना त्यांना जो आनंद होतो, तो मालकिणीलाही होत नसावा. एलिझाबेथला मागणी घालतांना ते प्रथम आपलीं कारणें क्रमवार मांडतात: धर्मोपदेशकानें विवाहाचें उदाहरण घालून द्यावें हें एक, आपल्या सुखांत भर पडेल हें दुसरें, आणि बाईसाहेबांनीं तशी सूचना केली हें तिसरें. तिच्या चार टक्क्यांच्या हजार पौंडांबद्दल आपण लग्नानंतर कधींही टोचून बोलणार नाहीं, असें औदार्यही दाखवितात. ती नकार देते, तेव्हां कुलीन मुलींची ही रीतच आहे असें समजून ते अधिकच प्रसन्न होतात. नकारालाही जो होकाराचा अलंकार समजतो, त्याचा पराभव करावा तरी कसा? वाचकाला वाटत राहतें कीं, केव्हांतरी या मनुष्याचे डोळे उघडतील. लेखिका ते शेवटपर्यंत उघडूं देत नाहीं. खऱ्या आत्मसंतोषाला अनुभवाचा वारा लागत नाहीं, हें तिला पक्कें ठाऊक आहे.

एलिझाबेथनें नाकारलेले हे रत्न तीनच दिवसांत तिची जिवलग मैत्रीण शार्लट लूकस स्वीकारते. शार्लट सत्तावीस वर्षांची, शहाणी, रूपानें बेताची आणि पैशानें त्याहून बेताची. वर मूर्ख आहे हें तिला एलिझाबेथइतकेंच कळतें. परंतु स्वतःचें घर हवें, एवढें एकच तिचें मागणें आहे. देवलांच्या 'शारदा' नाटकांत (१८९९) कांचनभट आपली मुलगी वृद्ध भुजंगनाथाला विकावयास काढतो, तेव्हां प्रेक्षकाला राग कोणावर धरावा हें शोधावें लागत नाहीं. येथें मुलगी स्वतःच स्वतःचा सौदा करते, किंमत वाजवी लावते, आणि कोणीही खलपुरुष नसल्यामुळें आपल्याला रागवावयास जागा उरत नाहीं. पुढें एलिझाबेथ हन्सफर्डला तिच्या घरीं जाते तेव्हां तिच्या ध्यानांत येतें कीं, शार्लटनें आपली बसण्याची खोली मुद्दाम मागच्या बाजूची निवडली आहे. पुढची खोली अधिक चांगली होती, पण तेथें यजमान वारंवार आले असते. शिवाय बागकाम प्रकृतीला किती हितकर, याचा ती यजमानांस उत्साहानें उपदेश करीत असते. संसारावरचीं मोठमोठीं व्याख्यानें आम्हीं ऐकलीं आहेत. परंतु एका खोलीच्या निवडीनें एवढें सांगणारें दुसरें स्थळ आम्हांस माहीत नाहीं. एलिझाबेथचें अंतःकरण मैत्रिणीला माफ करीत नाहीं. लेखिकेचें मात्र इतकें कठोर दिसत नाहीं. १८०२ च्या डिसेंबरांत खुद्द जेन ऑस्टिनला एका मोठ्या इस्टेटीच्या वारसाकडून मागणी आली होती. तिनें रात्रीं होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो परत घेतला. त्या वेळीं तिला सत्ताविसावें वर्ष पुरें होण्यास दोन आठवडे राहिले होते. शार्लटच्या वयाचा आंकडा लिहितांना ती रात्र तिच्या मनांत आली असेल कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण जिनें तो दरवाजा आंतून पाहिला होता, तिनें शार्लटला हास्याचा विषय केलें नाहीं, एवढें खरें.

आतां नायिकेकडे वळूं. एलिझाबेथ ही बापाची लाडकी, कारण ती बापासारखी हंसते. माणसें पारखण्याचा तिला अभिमान आहे, आणि पुस्तकाच्या पूर्वार्धांत आपणही तिच्या पारखेवर विसंबून चालतों. डार्सी गर्विष्ठ व वाईट, विकम मनमोकळा व चांगला, असा निवाडा ती देते. मग डार्सीचें पत्र येतें, तें ती पुन्हां पुन्हां वाचते, आणि तिच्या ध्यानांत येतें कीं, आपल्या निवाड्याला आधार एवढाच होता: एकानें नृत्याच्या प्रसंगीं आपल्याला तुच्छ लेखलें, आणि दुसऱ्यानें पहिल्याच भेटींत आपल्याला पसंत केलें. सत्यशोधनाचें सोंग घेऊन आपला अहंकारच न्यायासनावर बसला होता! पुस्तकाच्या नांवांतील अभिमान आणि पूर्वग्रह हे दोन दोष नायक-नायिकेमध्यें एकेक वांटून दिले आहेत, असें विद्यार्थी उत्तरपत्रिकांत लिहितात. वांटणी इतकी सोपी नाहीं. दोघांतही दोन्ही आहेत, आणि दोघांचें मोठेपण एवढ्यांतच आहे कीं, त्यांना लाज वाटूं शकते. मिस्टर कॉलिन्स यांना ती वाटत नाहीं.

आणि मिस्टर बेनेट यांना? येथें आम्हांस समर्थांची आठवण होते. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकांत पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आहे आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. स्वतःची स्तुति स्वतः करणारा, श्वशुरगृहीं राहणारा, कुळ न पाहतां कन्या वरणारा अशा साध्या मूर्खांची यादी वाचतांना आपण शेजाऱ्यांचीं नांवें मनाशीं जुळवीत जातों आणि सुखी होतों. पढतमूर्खाचा समास आला म्हणजे मात्र हा खेळ बंद पडतो. कारण हा मूर्ख शिकलेला आहे, त्याला सर्व कळतें, आणि कळलेल्याचा आचरणाशीं संबंध तेवढा नाहीं. मिस्टर कॉलिन्स पहिल्या समासांतले. मिस्टर बेनेट हे, आम्हांस सांगावयास दुःख होतें, दहाव्यांतले.

त्यांनीं तारुण्यांत रूपावर भुलून लग्न केलें. बायकोची बुद्धि बेताची आहे हें लवकरच उमगलें. आणि त्या दिवसापासून त्यांनीं तिला करमणुकीची वस्तु केलें. दारू नाहीं, जुगार नाहीं, परस्त्री नाहीं. केवळ एक आरामखुर्ची, कांहीं ग्रंथ, आणि बायकोचें बोलणें मुलींदेखत हास्यास्पद करण्याची कला. लेखिका एका अध्यायाच्या आरंभीं हें सरळ सांगते कीं, पत्नीला तिच्याच मुलांच्या तुच्छतेचा विषय करणें हा विवाहधर्माचा भंग आहे, आणि एलिझाबेथला हें दिसत असूनही तिनें त्याकडे डोळेझांक केली होती. हा परिच्छेद आम्हीं वर्गांत किती भरभर ओलांडीत होतों, हें आतां आठवतें. पुढें सोळा वर्षांची लिडिया लष्कराच्या मागें ब्रायटनला जावयास निघते, तेव्हां एलिझाबेथ बापाला कळकळीनें अडवूं पाहते. तिला न पाठविल्यास घरांत शांतता राहणार नाहीं, असें सांगून बाप तिला पाठवितो. ती विकमबरोबर पळून जाते. डार्सी आपल्या पदरचे पैसे मोजून, विकमचीं कर्जें फेडून, लग्न लावून देतो म्हणूनच कुटुंबाची अब्रू वांचते. मिसेस बेनेट यांच्या मूर्खपणानें लोकांत हंसें झालें. मिस्टर बेनेट यांच्या शहाणपणानें मुलगी जावयाची वेळ आली.

मिस्टर बेनेट यांना पश्चात्ताप होतो. आणि येथेंच पढतमूर्खाचें पूर्ण लक्षण उतरलें आहे. दोष सर्वस्वीं आपला, हें ते कबूल करतात; पण हा भार फार दिवस टिकणार नाहीं, हेंही त्याच दमांत स्वतःच सांगतात. स्वतःच्या पश्चात्तापावर सुद्धां त्यांना विनोद सुचतो! थोड्याच दिवसांत विकमसारखा जावई शोधून सांपडणार नाहीं, अशी थट्टा सुरू होते. आणखी कांहीं दिवसांनीं डार्सी एलिझाबेथला मागणी घालणार अशी अफवा एका पत्रांतून येते, तेव्हां ही केवढी मौज म्हणून ते तें पत्र तिलाच वाचून दाखवितात. तिचें सर्व चित्त त्या मनुष्याकडे लागलेलें असतें. रडूं येत असतांना तिला बापाबरोबर हंसावें लागतें. ज्याच्याशीं हंसण्याचेंच नातें ठेवलें, त्याच्याजवळ रडावयाची सोय राहत नाहीं. बापलेकींच्या त्या गोड सख्याचा हा हिशेब इतक्या उशिरां आणि इतक्या हळू आवाजांत मांडला आहे कीं, तो ऐकूं न आल्याबद्दल आम्ही केवळ स्वतःला दोष देतों.

एकच क्षण असा येतो कीं, मिस्टर बेनेट यांचा मुखवटा गळून पडतो. एलिझाबेथ डार्सीला वरणार हें ऐकून ते तिला आंत बोलावतात आणि गंभीरपणें बजावतात कीं, ज्याच्याविषयीं आदर वाटत नाहीं अशा जोडीदाराबरोबर जन्म काढण्याचें दुःख तुझ्या वांट्यास आलेलें मला पाहवणार नाहीं. बायकोचें नांव ते काढीत नाहींत. काढण्याची गरज नसते. तीन भागांत विखुरलेला सारा विनोद कोणत्या विहिरीचें पाणी आहे, हें या दोन वाक्यांत कळतें. परंतु आमच्या मतें येथेंही त्यांचा हिशेब अपुरा आहे. पत्नीविषयीं आदर वाटला नाहीं, हें त्यांचें दुर्दैव असेल. तो वाटण्याजोगें कांहीं आहे का, हें त्यांनीं पुन्हां एकदांही पाहिलें नाहीं, हा त्यांचा अपराध. आणि क्षणभरानें मुखवटा परत चढतो. उरलेल्या दोन मुलींना कोणी मागणी घालावयास आल्यास खुशाल आंत पाठवा, असें सांगून ते आपल्या ग्रंथांकडे वळतात.

लेखिकेचा पक्षपातही सांगितला पाहिजे. मिस्टर बेनेट यांना तिनें हा एक क्षण दिला; मिसेस बेनेट यांना तसा एकही दिला नाहीं. शार्लटकडे जी माया आहे, तिचा एक थेंब या बाईंच्या वांट्यास आला असता तर कादंबरीचा विनोद उणा झाला नसता आणि सत्य वाढलें असतें. मधली मुलगी मेरी, बिचारी अभिमान व अहंकार यांतील भेद पुस्तकी भाषेंत समजावून सांगते, तिचेंही असेंच. तिला हंसण्यापलीकडे तिच्यासाठीं कोणीं कांहीं केलें नाहीं. ग्रंथांच्या खोलीचें दार लेखिकेनें उघडून दाखविलें खरें, पण अधूनमधून तीही आंत जाऊन बसते. विनोदी लेखकाचा हा व्यवसायदोष आहे. आणि टीकाकार तर त्या खोलींतून सहसा बाहेरच येत नाहीं.

एवढें वजा घालूनही ही कादंबरी आम्हांस पूर्वीपेक्षां मोठी वाटते. मूर्खाला हंसणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. मूर्खाला हंसणाऱ्या शहाण्याच्या शेजारीं वाचकाला नेऊन बसवावें, दोघांना मनसोक्त हंसूं द्यावें, आणि मग शेजाऱ्याचें बिल हळूच वाचकापुढें ठेवावें, हें फार थोड्यांस साधलें. विवाहाविषयीं तिचें म्हणणें आमच्या समजुतीप्रमाणें इतकेंच आहे: संसारांत बुद्धि कमी पडली तर भागतें, पैसा कमी पडला तर कष्टानें भागतें, पण आदर कमी पडला तर त्या जागीं विनोद घालून भागत नाहीं.

हा लेख पुरा झाल्यावर आम्हीं तो रिवाजाप्रमाणें घरीं वाचून दाखविला. शेवटपर्यंत ऐकून घेऊन प्रश्न आला, "म्हणजे त्या बाईंचें खरें होतें, हें कळायला एवढीं पानें लागलीं?" यावर आम्हांस एक सुरेख उत्तर सुचलें होतें. तें आम्हीं दिलें नाहीं.